गिअरचा नॉब सैल होतो, फिरतो, हातात येतो: आधी पकड ओळखा, मग हात घाला

सैल नॉबची तक्रार घेऊन गॅरेजमध्ये येणाऱ्या गाड्यांत मला दोन खुणा वारंवार दिसतात. नॉबच्या बुडाशी फेविक्विकचा पांढरा डाग, किंवा भोवतीच्या पॅनलच्या कडेला पेचकस घुसवल्याचे ओरखडे. मूळ बिघाड लहान असतो, पण या दोन उपायांनी तो मोठा होतो. नॉब दांड्याला कसा अडकवला आहे हे न बघता ओढाताण केली की हे ठरलेलं. काही नॉब फिरवून निघतात, काही सरळ वर ओढून, काहींना खालून क्लॅम्प असतो, आणि काही फिरवले तर आतली रिव्हर्सची व्यवस्था तुटते. चारही बाहेरून सारखेच दिसतात.

लक्षणं काय सांगतात

नॉब जागच्या जागी गोल फिरतो आणि वरचा आकड्यांचा नकाशा तिरका होतो: आटे सैल झालेत किंवा खालचा जॅम नट, म्हणजे नॉबला खालून आवळून धरणारा नट, सुटलाय.

नॉब थोडा वरखाली होतो, दुसरा किंवा चौथा टाकताना ‘टक्’ असा आवाज येतो: आतली प्लास्टिकची वाटी झिजलीय किंवा क्लॅम्प ढिला झालाय.

ठराविक वेगाला भुणभुण येते आणि नॉबवर हात ठेवला की थांबते: रिव्हर्सची रिंग (काही गाड्यांत रिव्हर्स टाकताना उचलायची, नॉबखालची कडी), बुटाची (दांड्याभोवतीच्या लेदर किंवा रबराच्या आवरणाची) चौकट किंवा नॉबवरची चकती वाजतेय.

पायाशी गरम हवा, धूळ आणि इंजिनाचा आवाज जास्त येतो: वरचा बूट सुटला असेल, पण त्याच्या खालचं रबरही फाटलेलं असण्याची शक्यता जास्त.

रिंग उचलूनही रिव्हर्स पडत नाही, किंवा न उचलताच पडतो: नॉब चुकीच्या उंचीवर बसलाय, नाहीतर रिंगची केबल किंवा हूक निसटलाय.

नॉब घट्ट आहे पण आख्खा दांडा डुलतो, गिअर जड पडतात किंवा करकरतात: इथे नॉबचा संबंध नाही. त्याबद्दल शेवटाकडे लिहिलंय.

हा बिघाड पुन्हा पुन्हा होतो त्याला कारणं आहेत. गाडी चालवताना डावा हात नॉबवर ठेवून देण्याची सवय अनेकांना असते. हाताचं वजन आणि मनगटाचा पीळ दिवसभर आट्यांवर पडत राहतो. घाटात दुसरा-तिसरा सतत चालू असतो. आंबा घाट किंवा खंबाटकी रोज करणाऱ्यांच्या गाड्यांत नॉब लवकर सैल होतात, हे मी बरीच वर्षं पाहतोय. विदर्भात उन्हात उभ्या गाडीत प्लास्टिक मऊ पडतं आणि आतली वाटी आपली पकड सोडते. कोकण-गोव्याकडे वेगळाच त्रास: दमट हवेने दांड्याच्या टोकाला गंज धरतो, मग नॉब सैल होण्याऐवजी निघतच नाही.

सुरुवातीला, फुकटात होणाऱ्या तपासण्या

गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा आणि चाकाला दगड किंवा वीट लावा. दगडाला ‘कशाला’ म्हणू नका. काम करताना तुम्ही गिअर न्यूट्रलमध्ये आणणार आहात आणि तेव्हा गाडी फक्त हँडब्रेकवर असते.

आता बूट खाली दाबून एका हाताने दांडा धरा आणि दुसऱ्या हाताने नॉब हलवा. दांडा स्थिर आणि नॉब हलतोय, तर दोष नॉबमध्ये. दोन्ही एकत्र हलत असतील तर दोष खाली, दांड्याच्या बुशमध्ये (सांध्यातल्या रबरी किंवा प्लास्टिकच्या वेढ्यात) किंवा गिअरच्या केबलच्या टोकाला. या एका तपासणीत अर्धं निदान होतं. तरीही ती न करता लोक नवा नॉब विकत आणतात आणि डुलणं तसंच राहतं.

आवाजाची तक्रार असेल तर आधी कप होल्डर, नाण्यांचा कप्पा आणि चार्जरचं सॉकेट रिकामं करा. कन्सोलमध्ये, म्हणजे पुढच्या दोन सीटमधल्या प्लास्टिकच्या पॅनलमध्ये, घरंगळलेलं एक नाणं गिअरच्या बिघाडासारखं वाजू शकतं. मग शेजारी कोणाला तरी बसवून गाडी चालवा आणि त्यांना बुटाची चौकट, कन्सोलची कड, नॉबवरची चकती एकेक करून बोटाने दाबायला सांगा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो ती जागा खडूने खूण करून ठेवा. चालवणाऱ्याने हे स्वतः करू नये.

ॲक्सेसरीच्या दुकानातून बसवलेलं शिवलेलं लेदर कव्हर असेल तर ते काढून पुन्हा तपासा. असं कव्हर बहुधा मूळ बुटाच्या वरून ओढून दोरीने आवळलेलं असतं. ते तंग असलं तर पहिल्या किंवा रिव्हर्समध्ये दांड्याला उलट ओढतं, आणि गाडी हादरली की गिअर निसटल्यासारखा वाटतो. कव्हर काढल्यावर तक्रार गेली तर पुढचं काहीच करायची गरज नाही.

बूट उचलून खाली बघा

नॉबची पकड वरून दिसत नाही, बुटाच्या आत दिसते. म्हणून हे काम नॉब फिरवून बघण्याच्या आधी करायचं.

बुटाची चौकट बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसवलेली असते, स्क्रूने नाही. क्लच दाबून दांडा मागे ओढा, म्हणजे चौकटीच्या पुढच्या बाजूला बोटं घालायला जागा होते. मागून सुरू करायचं असेल तर दांडा पुढे ढकला. प्लास्टिकचं ट्रिम टूल वापरा. ते नसेल तर जुनं एटीएम कार्ड चालतं. कन्सोलच्या कडेला आधी मास्किंग टेप चिकटवा. लोखंडी पेचकसाचा ओरखडा कायमचा राहतो आणि काळ्या खरखरीत प्लास्टिकवर तो पॉलिशनेही जात नाही.

एका कोपऱ्यातून पूर्ण चौकट उपटू नका. एक क्लिप सुटली की शेजारच्या क्लिपेकडे सरका. थंडीत सकाळी प्लास्टिक ठिसूळ असतं, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी तर फारच. गाडी तासभर उन्हात उभी करा किंवा हेअर ड्रायरने कड कोमट करून घ्या. क्लिप तुटण्यातले निम्मे प्रकार एवढ्याने टळतात.

चौकट सुटली की बूट मोज्यासारखा उलटा करून नॉबच्या वर ओढा. काही गाड्यांत बुटाचं वरचं टोक नॉबच्या बुडाशी प्लास्टिकच्या रिंगने किंवा केबल टायने बांधलेलं असतं. केबल टाय कापायला हरकत नाही, पण नवा हाताशी असल्याशिवाय कापू नका. आता मोबाईलची टॉर्च लावून नॉबच्या बुडाशी बघा आणि फोटो काढा. परत बसवताना तोच फोटो कामाला येतो.

पकड कोणती, त्यावर काम

*आट्यांचा नॉब.* दांड्याच्या टोकाला चुडीचे आटे आणि बहुधा त्याखाली एक नट दिसेल. आधी नट खाली मोकळा करा, मग नॉब डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा. दांडा सोबत फिरतोय असं वाटलं तर थांबा. केबलवर चालणाऱ्या गिअरमध्ये दांड्याच्या तळाशी प्लास्टिकची गोळी आणि वाटी असते आणि पीळ थेट तिथे पोचतो. दांड्याला जाड फडकं गुंडाळून पकडीने धरा, म्हणजे पीळ तिथेच अडतो. निघत नसेल तर गंजरोधक स्प्रे थोडा मारून अर्धा तास थांबा. कन्सोलवर जुना टॉवेल अंथरा, कारण स्प्रे सीटच्या कापडावर पडला तर डाग धरतो.

नॉब निघाला की आतले आटे बघा. पितळी किंवा ॲल्युमिनियमचे असतील आणि शाबूत दिसत असतील, तर दांड्याचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा आणि नळाला लावतात ती टेफ्लॉन टेप दोन-तीन फेरे गुंडाळा. वरून बघताना घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, म्हणजे नॉब घट्ट करताना ती उलगडत नाही. नॉब हाताने घट्ट होईपर्यंत बसवा, आकडे सरळ करा आणि मग खालचा नट वर आणून नॉबच्या बुडाला टेकवून आवळा. नट नॉबला खालून दाबून धरतो आणि घाटात नॉब फिरू देत नाही. टेप दहा-वीस रुपयांत हार्डवेअरच्या दुकानात मिळते. माझ्या अनुभवात फिरणाऱ्या नॉबचं बहुतांश काम इथेच संपतं.

थ्रेडलॉक (आटे सुटू नयेत म्हणून लावायचा द्रव) वापरायचं असेल तर निळं वापरा, तेही एक थेंब, आणि फक्त धातूच्या आट्यांवर. लाल थ्रेडलॉक कायमच्या जोडासाठी असतं. ते सोडवायला जी उष्णता लागते ती नॉबला आणि लेदरला सोसत नाही. नॉबच्या आतले आटे प्लास्टिकचे असतील तर थ्रेडलॉक अजिबात नको. ही रसायनं काही प्लास्टिकला आतून तडे पाडतात आणि महिन्याभरात वाटी फुटते. फेविक्विक आणि एम-सील यांबद्दल माझं मत पक्कं आहे: लावूच नका. सुकलेलं फेविक्विक काचेसारखं ठिसूळ असतं. पीळ आणि हादरे सहन न होऊन ते सुटतं, आणि सुटताना आट्यांत खडे सोडून जातं. पुढच्या वेळी गिअरच्या केबलपासून बुशपर्यंत कुठल्याही कामासाठी नॉब काढायचा झाला, तर तो कापावा लागतो.

*क्लॅम्पचा नॉब.* फोक्सवॅगनच्या पोलो आणि व्हेंटोमध्ये, आणि त्याच कुळातल्या अनेक गाड्यांत, नॉब आणि बूट हा एकच भाग असतो. चाकणला बनलेल्या पोलो आज महाराष्ट्रात भरपूर फिरतायत, म्हणून हा प्रकार वेगळा सांगतो. बूट उलटा केला की नॉबच्या देठावर पत्र्याची एक कडी दिसते, एका बाजूला चिमटून आवळलेली. ही कडी एकदाच वापरायची असते. ती नोज प्लायरने उघडा किंवा कापा, मग नॉब सरळ वर निघतो. परत बसवताना नवी कडी लावायची. जुनी वाकवून पुन्हा आवळली तर थोड्याच दिवसांत नॉब परत डुलायला लागतो. तशी कडी मिळाली नाही तर योग्य मापाचा छोटा स्क्रूवाला होज क्लॅम्प चालतो. त्याचं डोकं बुटाला घासणार नाही अशा बाजूला ठेवा.

*दाबून बसवलेला नॉब.* नट नाही, क्लॅम्प नाही, देठ सरळ नॉबमध्ये गेलेलं. याच्या आत खाचा असलेली प्लास्टिकची वाटी असते आणि कधीकधी कारखान्यातच गोंद लावलेला असतो. हेअर ड्रायरने चार-पाच मिनिटं गरम करा आणि दोन्ही हातांनी सरळ वर ओढा. चेहरा नॉबच्या वर आणू नका. हा नॉब एकदम सुटतो आणि नेमका हनुवटीवर किंवा दातांवर आदळतो. सीट मागे सरकवा, मान बाजूला ठेवा, कोपर शरीराजवळ ठेवा. आतली वाटी फुटलेली निघाली तर दुरुस्ती टिकत नाही. नवा नॉबच घ्या.

*रिव्हर्सची रिंग असलेला नॉब.* ह्युंदाईच्या अनेक मॅन्युअल गाड्यांत रिव्हर्स टाकताना बोटांनी रिंग वर उचलावी लागते. ही रिंग केबलने किंवा हुकाने खालच्या लॉकला जोडलेली असते. इथे नॉब जोराने फिरवणं सगळ्यात महागात पडतं, कारण नॉबबरोबर केबल पिळली जाते. आधी रिंग आणि केबल कुठे अडकलीय ते शोधा, मोकळी करा, आणि नंतरच नॉबला हात लावा. केबलचं टोक दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. बसवताना नॉब मूळ उंचीलाच आला पाहिजे. तो अर्धा सेंटिमीटर जरी खाली बसला तरी रिंगला वर यायला जागा उरत नाही आणि रिव्हर्स पडत नाही.

बाजारातला नवा नॉब घेताना

आट्यांचं माप जुळलं पाहिजे. होंडाच्या मॅन्युअल गाड्यांत साधारण एम १० × १.५ (१० मिमी जाडी, दोन आट्यांत १.५ मिमी अंतर) आणि टोयोटात एम १२ × १.२५ असतं. दोन्ही दिसायला जवळचे, पण एकमेकांत बसत नाहीत. जबरदस्तीने बसवलं तर दांड्याचे आटे जातात आणि नॉबऐवजी दांडा बदलायची वेळ येते. दुकानदाराला गाडीचं नाव सांगण्यापेक्षा जुना नॉबच घेऊन जा.

‘सगळ्या गाड्यांना चालतो’ म्हणून विकले जाणारे नॉब तीन बारीक स्क्रूंनी बाजूने आवळलेले असतात. हे स्क्रू हादऱ्यांनी सुटतात आणि दांड्यावर खड्डे पाडतात. जड धातूचे नॉब उन्हात हात भाजेल इतके तापतात. आणि नॉबवर गिअरचा नकाशा नसेल तर गाडी दुसऱ्या कोणाच्या हातात गेल्यावर रिव्हर्स कुठे आहे हे त्याला कळत नाही. मला तरी कंपनीचा साधा नॉबच बरा वाटतो.

कन्सोल काढायची वेळ आली तर

बहुतेक वेळा येत नाही. खालचं रबर फाटलं असेल किंवा खडखड कन्सोलच्या आतून येत असेल तरच हात घाला. बोलेरोसारख्या मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत दांडा थेट गिअरबॉक्समधून वर येतो, त्यामुळे तिथे खालच्या रबराचं महत्त्व जास्त. ते फाटलं की रस्त्याची धूळ आणि पावसाचं पाणी सरळ आत.

कन्सोलचे स्क्रू लपलेले असतात: कप होल्डरच्या रबरी चकतीखाली, नाण्यांच्या कप्प्याच्या तळाशी, आर्मरेस्टच्या डब्यात, बाजूच्या गोल टोपणांमागे. ओढून निघत नसेल तर एक स्क्रू राहिलाय असं समजा आणि तो शोधा. प्रत्येक स्क्रू कुठून निघाला ते कागदावर लिहा. आखूड स्क्रूच्या जागी लांब गेला तर तो खालच्या वायरिंगला टोचू शकतो.

इथे एक गोष्ट गंभीरपणे घ्या. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचं कंट्रोल युनिट याच कन्सोलखाली, दांड्याच्या पुढेमागे, गाडीच्या मधल्या उंचवट्यावर असतं. जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, तेव्हा ‘माझी गाडी छोटी आहे’ म्हणून हा धोका टळत नाही. पिवळी वायर किंवा पिवळा कनेक्टर दिसला की हात मागे घ्या. इग्निशन चालू असताना तिथे ठोकाठोक करायची नाही, कनेक्टर सोडायचा नाही. बॅटरी सोडली तरी युनिटमध्ये काही वेळ चार्ज राहतो. गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ पूर्ण थांबा.

ऑटोमॅटिक गाडी

इथे मी घरी नॉब काढायचा सल्ला फार जपून देतो. नॉबमध्ये बटण, स्प्रिंग आणि आतली काडी असते. नॉब पुढून एका बारीक स्क्रूने, यू आकाराच्या क्लिपने किंवा खालची कॉलर ओढून सुटतो. क्लिप किंवा स्क्रू सापडला नाही आणि तुम्ही ओढलं, तर बटणाची काडी वाकते आणि दांडा पी (पार्क) मधून हलत नाही. पी मधून बाहेर यायला बहुतेक गाड्यांत इग्निशन चालू आणि ब्रेक दाबलेला लागतो. म्हणून बॅटरी सोडणार असाल तर त्याआधीच दांडा एन (न्यूट्रल) मध्ये आणा आणि चाकांना विटा लावा. क्लिप डोळ्यांनी दिसत असेल तर काढा. दिसत नसेल तर गाडी मेकॅनिककडे न्या.

बसवल्यावरची चाचणी

इंजिन बंद, क्लच पूर्ण दाबलेला. सगळे गिअर एकेक करून टाका, रिव्हर्स दोनदा. बूट पहिल्यात आणि रिव्हर्समध्ये ताणला जातोय का बघा. ताण दिसला तर चौकट उलटी बसलीय किंवा बूट वरून जास्त ओढला गेलाय. मग इंजिन चालू करून मोकळ्या जागेत सावकाश एक फेरी मारा. चौकटीची कड वाजत असेल तर क्लिपेच्या जागी पातळ कापडी टेप लावा, फोम नको. फोम उन्हात चिकट होतो.

इथे थांबा आणि मेकॅनिकला बोलवा

एअरबॅगचा दिवा लागला आणि विझत नाही: गाडी थेट सर्व्हिस सेंटरला. घरी स्कॅनरशिवाय कारण कळत नाही आणि तोवर एअरबॅगवर भरवसा ठेवता येत नाही.

नॉबसोबत दांडा फिरला आणि त्यानंतर गिअर चुकीच्या जागी पडायला लागले, किंवा दांडा सगळ्या बाजूंना मोकळा झाला: तळाची वाटी किंवा केबलचं टोक सुटलंय. अशी गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. भर रस्त्यात ती एकाच गिअरमध्ये अडकू शकते.

नॉब ठीक आहे पण दांडा डुलतो: बुश आणि केबलची टोकं गाडीखालून किंवा इंजिनच्या बाजूने तपासावी लागतात. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली शिरू नका. गॅरेजच्या रॅम्पवर हेच काम सुरक्षित होतं.

गिअर करकरतात, विशेषतः थंड इंजिनावर रिव्हर्स टाकताना: क्लच नीट सुटत नसेल किंवा गिअरबॉक्सच्या आत सिंक्रो (गिअर पडताना दोन भागांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) झिजले असतील. क्लचचं ॲडजस्टमेंट किंवा, क्लच हायड्रॉलिक असेल तर, त्याचं फ्लुइड तपासून घ्या. नवा नॉब घेण्याआधी हे तपासलं तर नॉबचे पैसे वाचतात.

रिव्हर्सची रिंग नीट उचलते, नॉबही मूळ उंचीला आहे, तरीही न उचलता रिव्हर्स पडतो: लॉकच तुटलंय. चालत्या गाडीत चुकून रिव्हर्सकडे दांडा जाऊ शकतो, त्यामुळे ही दुरुस्ती पुढच्या लांबच्या प्रवासाआधीच करून घ्या.